लोखंडबंदीचा उतार

मेय च्यानचा जबडा डावीकडे वाकडा आहे. तो का मोडला हे आमच्या दाओ जमातीच्या डोंगरी गावात सर्वांना ठाऊक आहे. तिला न्याय मिळाला, असेही सर्वजण सांगतात. मी डोंगराच्या पायथ्याच्या शाळेत शिकवण्यात आयुष्य घालवले, पण याला न्याय म्हणण्याइतका निर्ढावलो नाही.

नवरा गेल्यावर डोंगरउतारावरचे ओक रीतीप्रमाणे धाकटा दीर लाओ पाओ याच्याकडे गेले. त्यांच्या सावलीत मेय च्यानने स्वतः लावलेला औषधी वेलदोडा मात्र तिचा राहिला. झाड एकाचे, झुडूप दुसऱ्याचे. या वाटणीत गावाला कधी काही वावगे वाटले नाही. सावली गेली की वेलदोडा उन्हात करपतो. तरीही हंगामात पुरुष रानातच भट्टी लावतात आणि फळे सुकवण्यासाठी तीच सावली तोडून जाळतात. लाकूड एकदा जळते, वेलदोडा दरसाल फळतो, हा हिशेब त्यांना समजत नाही असे नाही. ओले ओझे गावापर्यंत वाहण्यात त्यांना कमीपणा वाटतो, इतकेच.

जबडा मोडला त्या वर्षी लाओ पाओने भट्टीसाठी दोन ओक पाडले. पडताना त्यांनी घडांनी लगडलेली झुडपे चिरडली. तिसऱ्याला करवत लागणार, तोच मेय च्यान बुंध्याला पाठ लावून उभी राहिली. माझी फळे मी ओलीच वाहून नेईन आणि घरच्या चुलीवर सुकवीन, मला भट्टी नको, असे तिने सांगितले.

"वहिनी, झाडं माझ्या बापाची आहेत. तुझ्या गवताला सावली धरायला नाही ठेवली."

"मग त्याच गवताचा वाटा मागायला दरसाल दारात कशाला येता, भावजी?"

बघ्यांत कोणीतरी हसले. त्या हसण्याने घात केला. लाओ पाओने कोयत्याची मूठ तिच्या तोंडावर हाणली. हाड कडकन मोडले. पडलेल्या बाईच्या पोटात तो लाथा घालीत राहिला, तेव्हा तिने घड कापायचा विळा त्याच्या पोटरीत रुतवला आणि खाली ओढला.

आधी कोणी मारले, हे गावच्या पुरोहिताने विचारलेच नाही. रानात लोखंडाने रक्त सांडले, म्हणून दोघांनी वनदेवतेला डुक्कर द्यावे आणि पुढची तीन वर्षे त्या उतारावर लोखंड नेऊ नये, असा निवाडा झाला. करवत थांबली, तसा तिचा विळाही थांबला. वेलदोड्याचे घड मुळाशी चिवट देठांवर येतात. जबडा बांधलेला, पोटात नुसती पेज, अशा अवस्थेत तिने ते हातांनी पिळून तोडले. तिची नखे उखडली. मदतीला कोणी गेले नाही.

पुढल्या हंगामात लाओ पाओ लंगडत आला. हातात मडकेभर निखारे होते. बुंध्याशी विस्तव ठेवला की झाड उभ्या उभ्या मरते.

"बंदी लोखंडावर आहे, वहिनी. विस्तवावर नाही."

"काठीवर तरी कुठं आहे, भावजी?"

पहिल्या फटक्यात मडके फुटले, दुसऱ्यात त्याचे मनगट. तिसरा त्याच्या धड गुडघ्यावर बसला. तो चिखलात रांगत उताराखाली गेला, आणि मेय च्यान निखारे तुडवून विझवल्यावर पुन्हा घडांवर वाकली.