मास्तरांचं काळीज

भित्रेपणाचा मास्तरांइतका खोल अभ्यास केलेला माणूस आमच्या नंदाखाल गावातच काय, अख्ख्या वसई तालुक्यात दुसरा नसेल. आमच्या केळीच्या वाडीला लागूनच मास्तरांचं घर. तरुणपणी फादर व्हायला सेमिनरीत गेले आणि अर्ध्यावरच परत आले. का, ते कोणी विचारलं नाही. येताना लॅटिन तेवढं घेऊन आले आणि जन्मभर आमच्या डोक्यावर ओतत बसले. त्यातही सगळा जीव भीतीच्या आणि धैर्याच्या शब्दांत! स्वतः मात्र विजेला घाबरायचे, डॉक्टरच्या सुईला घाबरायचे, आणि कुत्रा दिसला की अर्ध्या गावाला वळसा घालून घरी यायचे.

आता माझं नशीब बघा. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. चाळिशी उलटल्यावर मी सतरा नंबरचा फॉर्म भरून घरूनच दहावीला बसले होते. बाकीचे विषय सुटले, इंग्रजीत दोनदा नापास. ‘यंदा नाही जमलं तर पुस्तकं रद्दीत,’ सासूबाईंनी सांगूनच टाकलं. म्हणून मास्तरांकडे गेले. मला हवं होतं पत्रलेखन, निबंध; आणि हे शिकवायचे शब्दांची मुळं! ‘टिमिड’ आला की ‘तिमेरे, म्हणजे भिणे.’ ‘करेज’ आला की छातीवर हात, ‘कोर, बाय, कोर! म्हणजे काळीज.’

‘पण मास्तर, निबंध?’

‘काळीज समजलं की निबंध येतो.’

डोंबलाचा येतो!

एकदा वाडीत साप निघाला. मी किंचाळले. मास्तर विहिरीच्या कठड्यावर चढून विचारतात, ‘अंगावर काटा आला ना, बाय? रोमन लोकांनाही असाच यायचा! होर्रेरे, केस ताठ उभे राहणे. हॉरर तिथूनच आला!’

‘अहो, साप कुठे गेला ते बघा!’

‘ते तू बघ. मी शब्द सांगतो.’

इंग्रजीच्या पेपरला ते शाळेच्या फाटकापर्यंत सोबत आले. मी हॉलतिकीट चारदा उघडून पाहिलं. म्हटलं, ‘आज एकही मूळ सांगू नका, पाया पडते.’ मास्तरांनी मान डोलावली. मग हळूच म्हणाले, ‘सेमिनरीत एका परीक्षेला मी फाटकातूनच परत फिरलो होतो. थेट घरी आलो. तू आत जा, बाय. मी इथेच आहे.’

तीन तासांनी मी बाहेर आले, तर मास्तर भर उन्हात त्याच जागी उभे. मी चिडलेच, ‘सावलीत बसायला काय झालं होतं?’

‘समोरच्या टपरीवरचा कुत्रा आला होता. हललो असतो तर चावला असता.’

टपरीवाला हसायला लागला. ‘मावशी, कुत्रा तर पहिल्या घंटेलाच गेला. मी दोनदा चहाला बोलावलं यांना. म्हणे, ती खिडकीतून बघेल, मी दिसलो पाहिजे.’

जेमतेम पास झाले. मास्तरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. निबंध काही मला अजून येत नाही. पण कुठल्या परक्या दारात पाय अडखळला की मी एकदा मागे वळून बघते. कोणी नसतं. तरी आत जाते.