त्यांचा आवाज

मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत आठवड्यानं नळाला पाणी येतं. शेवटचं घर माझ्या एका शेजाऱ्यांचं. वर कुणी नळाला मोटर लावून पाणी ओढलं की त्यांचा नळ नुसता फुसफुसतो. म्हणून पाण्याच्या दिवशी ते प्रत्येक फाटकाला कान लावत फिरतात. मोटरीची घरघर ऐकू आली की गल्लीभर ओरडतात, "अय, बंद कर ती मोटर, नाय तर उपटून नेईन!" लोक हसत बंद करतात. मग ते त्याच घरी चहा पितात.

परवा कोपऱ्यावरच्या नव्या भाडेकरूनं मोटर बंद केली नाही. "लई बोंबलता म्हणं तुम्ही. बोंबला की," तो म्हणाला.

ते ओरडलेच नाहीत. आत गेले, मोटर पाइपासकट उपटली आणि त्याच्या डोक्यावर उचलून धरली. तो भिंतीला चिकटला. नळाचं पाणी दोघांच्या अंगावर उडत होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी मोटर अलगद त्याच्या पायाशी ठेवली.

परतताना ते माझ्या फाटकाशी थांबले.

"तुमची बंद हाय ना, सर?" इतकं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

माझी बंदच होती. तरी आत जाऊन मी बटण पुन्हा पाहिलं.