लांडगा समोरून

तात्यांनी कधी बोट करून दिशा दाखवली नाही. काठी खांद्यावर आडवी, दोन्ही हात तिच्यावर टाकलेले आणि हनुवटी जराशी उचललेली. हनुवटी जिकडे, तिकडे बघायचं. पुण्याचे पाहुणे दुर्बीण लावून भलतीकडेच बघत राहायचे. तात्या म्हणायचे, "बघू की सावकाश. माळ कुठं पळतोय?"

निरवांगीच्या बाहेर, जिथे ऊस संपून माळ सुरू होतो, तिथे आम्ही नवरा-बायकोने पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. भर उन्हाळ्यात इकडे कोण येणार, असं मला वाटायचं. पण एप्रिल-मेमध्ये गवत खुरटतं आणि चिंकारा, कोल्हा, लांडगा लांबूनही दिसतो. त्यासाठी लोक शनिवार-रविवार धरून येऊ लागले. त्यांना माळ दाखवायला आम्ही तात्यांना गळ घातली. शेजारच्या वस्तीवरचे मेंढपाळ. मोठ्या कळपातली पंधरा-वीस मेंढरं उरलेली, मुलगा बारामतीला कंपनीत, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घरी तात्या आणि त्यांची कुत्री, काळी.

काळी रंगाने चांगली तांबडी होती. पाहुण्यांची मुलं हसायची. "काळी हिची आजी व्हती," तात्या सांगायचे. "नाव घरातच व्हतं, तेच वापरलं."

कोथरूडच्या एका बाईंनी त्यांना विचारलं होतं, "लांडगा तुमची मेंढरं खातो, राग नाही येत?"

"येतो की. लई येतो. पण त्यो भुकेनं खातो, बाई. त्याला काय बोलायचं?"

मग एका एप्रिलमधल्या रविवारी एक जीप आली. आमच्याकडे उतरलेली नव्हती, परस्पर माळावर घुसली होती. आत एक गृहस्थ, मांडीवर हाताएवढी लेन्स. लांडगा दिसला म्हणून त्यांनी वाट सोडून जीप त्याच्यामागे घातली, ती थेट तात्यांच्या मेंढरांमधून. मेंढरं वाचवायला काळी आडवी गेली आणि चाकाखाली आली. आरडाओरडा ऐकून मी धावत पोचले, तेव्हा गृहस्थ खाली उतरून वाकून बंपर बघत होते. "कुत्रं रस्त्यात आलं," एवढं म्हणाले आणि निघून गेले. तिथे रस्ता नव्हताच. तात्या काळीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तिचे डोळे उघडे होते, त्यांवर त्यांनी आपल्या धोतराचा सोगा धरला होता. ऊन लागू नये म्हणून.

आठवड्याने माझ्या मोबाइलवर त्या दिवशीचा फोटो फिरत आला, खाली त्या गृहस्थांचं नाव. पळता लांडगा, पाठमोरा. लोकांनी वाहवा केली होती. तात्यांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले.

"ह्यो माणूस परत येणार," म्हणाले.

"कशावरून?"

"ढुंगणच घावलंय त्याला. तोंड घ्यायला येणार."

मी हसले. तात्या हसले नाहीत.

पुढच्या वर्षी मे महिन्यात खोली राखून ठेवायला फोन आला, आणि नाव त्याच गृहस्थांचं निघालं. नवरा म्हणाला, सरळ नाही म्हणून सांग. मी तात्यांना विचारायला गेले. ते मेंढरांना पाणी पाजत होते.

"येऊ द्या," ते म्हणाले. "जेवायला चांगलं घाला. फकस्त जीप फाटकात ऱ्हाऊ द्या. चालत न्हेतो मी."

गृहस्थ आले. तात्यांना त्यांनी ओळखलंसुद्धा नाही. "आजोबा," ते म्हणाले, "मला लांडगा समोरून हवाय. डोळ्यांत डोळे."

"व्हय सायेब. दावतो की."

लांडग्याची पिल्लं कोणत्या ओढ्यात आहेत, हे तात्यांना ठाऊक होतं. शनिवारी त्यांनी साहेबांना नेमकं उलट्या बाजूला नेलं. सकाळी नेलं, दुपार कलल्यावर पुन्हा नेलं. "आत्ता हितंच व्हता. हात लावून बघा, माती गरम हाय." मे महिन्यात इथली सगळीच माती गरम असते. साहेब हात लावून बघायचे आणि मान डोलवायचे. पोटावर सरपटले, मोज्यांत कुसळं भरून घेतली, नाक सोलवटून घेतलं. मध्येच तात्या स्वतःची बाटली पुढे करायचे. "पाणी प्या सायेब. अजून लई चालायचंय."

हे सगळं मला संध्याकाळी, त्यांच्याबरोबर गेलेल्या नवऱ्याने सांगितलं. खोटं कशाला बोलू, ऐकून मला मनापासून बरं वाटलं. रविवारी पहाटे चहाचा थर्मास घेऊन मीही त्यांच्याबरोबर निघाले. साहेबांचं पडलेलं तोंड मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

त्या दिवशी मात्र तात्या ओढ्याकडेच निघाले. मला कोडं पडलं. काळी जिथे गेली, तिथल्या बाभळीजवळ ते थांबले आणि त्यांनी साहेबांना गुडघ्यांवर बसवलं. हनुवटी पूर्वेला, उगवत्या सूर्याकडे उचलली. "तिकडं बघा. हलू नका."

साहेबांनी लेन्स रोखली. त्यांच्या पाठीमागे, वीसेक पावलांवर, ओढ्यातून लांडगी वर आली. मागोमाग दोन पिल्लं. तिघंही उभी राहिली आणि आमच्याकडे बघू लागली. कोवळं ऊन त्यांच्या तोंडावर पडलं होतं, डोळे पिवळेधमक. एक पिल्लू खाली बसून कान खाजवू लागलं. माझा श्वास अडकला. साहेबांचाही अडकला होता, पण मोकळ्या माळाकडे बघत. तात्यांनी लांडगीकडे एकदा शांतपणे पाहिलं आणि तिला जाऊ दिलं. घाई नाही. ती तिघं पार दिसेनाशी झाल्यावर ते म्हणाले,

"उठा सायेब. तुमच्या पाठीमागं उभी व्हती. पोरांसकट."

साहेब गर्रकन वळले. रिकामा ओढा. "मग सांगितलं का नाही?"

"माझी काळी हितंच मेली. तुमी वाकून बंपर बघितला. तिच्याकडं न्हाय बघितलं. म्हणून मी बी तुमाला बघू दिलं न्हाय."

"कोण काळी?" साहेब म्हणाले.

त्यांना खरंच आठवत नव्हतं. तात्यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. वर्षभर जपून ठेवलेला राग आणि ज्याच्यावर धरला, त्याला त्याचा पत्ताच नाही. मग मीच पुढे झाले. जीप कशी घातली, चाक कुठून गेलं, ते काय म्हणाले, सगळं शब्दाला शब्द सांगितलं. साहेबांची मान हळूहळू खाली गेली. माफी मात्र मागितली नाही. जेवणाआधीच निघून गेले.

दोन दिवसांनी त्यांनी आमच्याबद्दल इंटरनेटवर लिहिलं : वाटाड्या म्हातारा मुद्दाम फसवतो. मी ते तात्यांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

"मुद्दाम, असं ल्हिवलंय?"

"हो."

"मंग कळलंय त्याला," ते म्हणाले आणि त्या दिवशी मेंढरांमागे शीळ घालत गेले.

थंडीत तात्या गेले. झोपेतच. आदल्या दिवशी मी त्यांना विचारलं होतं, "तात्या, राग गेला का आता?" "न्हाय," ते म्हणाले. "कशाला जाईल? काळी कुठं परत आली?" मुलाने मेंढरं बारामतीला नेली. वस्तीला कुलूप आहे.

या एप्रिलमध्ये त्याच गृहस्थांचा फोन आला. आवाज मऊ केलेला. "तो म्हातारा आहे का अजून?"

"नाही," मी म्हणाले.

"मग येतो या शनिवारी. खोली आहे ना?"

मी खिडकीतून पाहिलं. तिन्ही खोल्यांची दारं सताड उघडी होती, आत कुणी नव्हतं.

"सगळं भरलंय," मी म्हणाले. "पुढच्या वर्षीही भरलंय."