उमरेड सुटता सुटेना

भुताखेतांशी माझी कधी गाठ पडली नाही. स्मशानाच्या रस्त्यावर सायकल पंक्चर झाली तेव्हा मी तिथंच बसून ट्यूब काढली आहे, आणि कोणी साधं खाकरलंसुद्धा नाही. म्हणूनच जे घडलं ते भर दुपारी, डांबरी रस्त्यावर, फियाटमध्ये बसलेलो असताना घडलं याचा मला अजून राग येतो. निदान रात्र तरी असायची...

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी नागपूरला इतवारीत राहायचो, नोकरी नुकतीच पक्की झाली होती. वडील नव्हते, त्यामुळे माझ्या लग्नाचं सगळं मामाजींच्या हातात. उमरेडचं स्थळ आलं. आईला गाडी लागायची, म्हणून मुलगी बघायला आम्ही दोघंच निघालो. मित्राची फियाट मागून आणलेली, मामाजी स्वतः चालवत होते.

उमरेड नागपूरहून तास-सव्वातासावर. जवळ कोळशाची खाण आल्यापासून गावात नवीन हॉटेलं आणि मोटरसायकली दिसू लागल्या होत्या, पण मूळ गाव विणकरांचं. गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी मागांची खटखट, आणि कडेला बांबूंवर वाळत घातलेलं रंगीत सूत. मामाजींच्या घरीही एके काळी माग होता. त्यांच्या वडिलांनी तो मोडून नागपुरात नोकरी धरली. त्यामुळे मागाचा आवाज कानावर आला की मामाजींचं तोंड कडू व्हायचं.

मुलीचं नाव निर्मला. तिच्या वडिलांना सगळे बाबूजी म्हणायचे; त्यांच्याकडे चार-दोन माग होते. जेवण उत्तम झालं. मग मामाजींनी निर्मलाला विचारलं, "नागपूर आवडते का?"

"जाते ना," ती म्हणाली. "बाजाराले, दवाखान्याले. काम झालं की परत येते."

मला ती तिथंच आवडली. पण मामाजींसमोर बोलायची माझी टाप नव्हती.

निरोप घेऊन आम्ही निघालो. तळं मागे पडलं, पेट्रोल पंप मागे पडला, आणि नागपूरच्या रस्त्याला लागल्यावर मामाजी म्हणाले, "नकार कळवून देऊ. आमच्या इतवारीच्या एका बोळात असे दोन उमरेड मावतील. सासुरवाडी म्हणून लोकांना सांगशील काय?"

दोन्हीकडे शेतं होती, ऊन समोरच्या काचेवर येत होतं. एक वळण आलं. ते संपलं आणि आम्ही रंगीत सुताच्या मधोमध उभे. समोर बाबूजींचं घर.

बाबूजी दारातच होते. "काहून जी, काही राहिलं का?"

"पाणी," मामाजी म्हणाले. "पाणी प्यायचं राहिलं."

पाणी पिऊन पुन्हा निघालो. तळं, पेट्रोल पंप, शेतं. मामाजींनी स्टिअरिंग असं धरलं होतं की जणू ते पळून जाणार आहे. ऊन पूर्ण वेळ समोरच होतं. मी मुद्दाम बघत होतो, आम्ही उलटे फिरलोच नाही. तरी वळण संपलं आणि परत तीच गल्ली. आता शेजारीपाजारी माग थांबवून बाहेर आले होते.

एक म्हातारी म्हणाली, "चकवा लागला जी यायले. बसा जरासे, चहा प्या, मंग जा."

चकवा मला ऐकून माहीत होता. जंगलात, अंधारात माणूस रस्ता चुकतो आणि फिरून तिथंच येतो. पण फियाटला, तेही पेट्रोल पंपाच्या पुढे चकवा लागल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

मामाजींना बसावं लागलं. चहा आला, आणि बाबूजींना श्रोता मिळाला. गावातला जुना किल्ला, त्याच्या पडक्या भिंती, रेशीमकाठी धोतरं... "आमच्या उमरेडचं धोतर दूरदूरच्या दरबारात जाये," बाबूजी म्हणाले. "आता पोट्टे सकाळच्या बसनं नागपूरले जाते, संध्याकाळी परत येते. नागपूरवाले मात्र इकडं येतच नाही. आले तर थांबत नाही."

"आम्ही थांबूनच राहिलो ना," मामाजी म्हणाले.

मग निर्मलाचा मोठा भाऊ दामोदर पुढे झाला. जन्म उमरेडचा, धंदा उमरेडचा. "चला, मी बसतो सोबत. नागपूर रोड म्हणजे डोळे मिटून सांगीन."

तो मामाजींच्या शेजारी बसला. पंपावरच्या माणसानं आता आम्हाला ओळखीचा हात केला. दामोदर हसत होता. समोरून नागपूरहून येणारी लाल एसटी गेली, तेव्हा तो म्हणाला, "पाहा, रस्ता बरोबर हाय." मग ते वळण आलं. दामोदरचं हसू गेलं. गाडी त्याच्याच घरासमोर थांबली. तो उतरला आणि ओट्यावर जाऊन बसला. मला मामाजींपेक्षा त्याचीच जास्त दया आली. परक्या गावात माणूस हरवतो, पण याला स्वतःच्या गावानं हातोहात फसवलं होतं.

मामाजींच्या कपाळावर घाम होता. गाडीत बसल्या बसल्याच त्यांनी हात जोडले. "बाबूजी, मुलगी पसंत आहे. आता जाऊ द्या आम्हाला."

बाबूजी गोंधळले. "मी कोठी अडवून राहिलो जी?"

आम्ही निघालो. मामाजींना वाटलं, सुटलो. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू? तळं, पंप, शेतं, वळण. आणि रंगीत सूत.

या वेळी निर्मला दारात आली. तिनं मामाजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "बाबूजी, गाडी राहू द्या इथं. यायले छोट्या लाईनच्या गाडीत बसवून द्या. रूळ काही आपल्या मनानं वळत नाही."

तासाभरात आम्ही त्या छोट्या आगगाडीत बसलो होतो. उमरेड स्टेशन मागे गेलं. मामाजी खिडकीला चिकटून बसले होते. प्रत्येक स्टेशनवर मान बाहेर काढून पाटी वाचत होते. मी सगळं धैर्य गोळा केलं.

"मामाजी, मला निर्मलाशीच लग्न करायचं आहे. तुम्ही भीतीनं हो म्हणालात, ते सोडा. मी माझ्या मनानं सांगून राहिलो."

"आधी नागपूर येऊ दे," मामाजी म्हणाले.

इतवारी स्टेशनवर उतरल्यावर त्यांनी वाकून प्लॅटफॉर्मला हात लावला. मग म्हणाले, "कर."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओळखीचा एक ड्रायव्हर जाऊन गाडी घेऊन आला. रस्त्यात काही त्रास झाला का, असं विचारलं तर तो मामाजींकडे बघतच राहिला. "एकच तर रस्ता आहे साहेब. कायचा त्रास?"

निर्मलाच्या मते चकवा-बिकवा काही नव्हता, तुमच्या मामाजींना रस्ता सापडत नव्हता एवढंच. मग दामोदरचं काय, असं विचारलं की ती भाजीत मीठ पाहायला जाते. दामोदरनं तर हा विषय आजवर काढू दिलेला नाही.

मी मात्र सोडलं नाही. सासुरवाडीला गेलो की दुपारी स्कूटर काढायचो, त्याच गल्लीतून, त्याच तळ्यावरून, त्याच वळणाला जायचो. हळू गेलो, जोरात गेलो, एकदा तर 'इतवारीच्या एका बोळात असे दोन उमरेड मावतील' हे मामाजींचे शब्द मोठ्यानं बोलून पाहिले. वळण संपतं आणि पुढे सरळ, स्वच्छ नागपूर रोड. उमरेडमध्ये हरवायचा मी इतक्या वर्षांत किती प्रयत्न केला, पण मला एकदाही जमलं नाही.