आसराबाईचा गोबरगॅस

४ मार्च २०२४, सोमवार. सकाळी सव्वासातची एसटी. सोबत कॉलेजच्या आकांक्षा आणि शीतल. आसराबाईकडे आजही ज्योत नाही. भुजंग गोबरगॅसचा खड्डा बुजवायला निघाला होता. पाडव्यापर्यंत मुदत मागून घेतली.

डायरीतली ही नोंद जालन्याच्या सत्यशीलाबाईंची. वय चौऱ्याहत्तर. पती गेल्यापासून त्या कॉलेजच्या मुलींना घेऊन खेडोपाडी सौरऊर्जा आणि गोबरगॅस शिकवत हिंडतात. वडीगोद्रीबाहेरच्या मेंढपाळांच्या वस्तीवर दहा घरांपैकी एकट्या आसराबाईने त्यांचं ऐकलं होतं. तिचाच गॅस पेटला नाही तर बाकीची नऊ घरं त्यांना दारातही उभं करणार नव्हती.

"तीन महिने झाले बाई, निस्ता वास येऊन राह्यला," आसराबाई म्हणाली. "चूल काही सुटली न्हाई."

"म्हून म्हणतो, बुजवतो अन् वर कडबा रचतो," तिचा नवरा भुजंग म्हणाला. "मेंढरं तरी दुवा देतील."

आकांक्षाने तक्ता उघडला. "मावशी, रोज दोन पाट्या शेण, तेवढंच पाणी. मोजून टाकता ना?"

"बिलकुल मोजून. दोन पाट्या लेंड्या, दोन पाट्या पाणी. वाड्यातून झाडल्या की तशाच वाळलेल्या टाकते."

सत्यशीलाबाईंनी मुलींच्या हातातल्या तक्त्याकडे पाहिलं. त्यावर गाय होती. पिशवीतून त्यांनी डिसेंबरची डायरी काढली. त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: वस्तीवर मेंढ्या साठ, गाय नाही. लिहिलं खरं, पण शिकवलं गायीचंच.

"चूक माझी आहे, आसराबाई," त्या म्हणाल्या, आणि राखाडी साडीचा पदर खोचून त्यांनी खड्ड्याच्या तोंडाशी हात घातला. कोरड्या लेंड्या वर तरंगत होत्या. जाड साय धरली होती.

"अहो बाई, या वयात!" भुजंग ओरडला.

"वय राहू द्या. चार माणसं बोलवा, खड्ड्यावरची गॅसची टाकी उचलायची आहे."

साय काढली. लेंड्या दोन दिवस भिजवायच्या, तुडवून लगदा करायचा, मगच टाकायच्या, असं ठरलं. पुढचा महिनाभर बाई दर तिसऱ्या दिवशी त्याच एसटीने आल्या. एकदा शीतलने नाक दाबलं, तेव्हा तिच्याच हातात पाटी दिली. दोन आठवडे काही झालं नाही. मग आत गॅस साठून टाकी बोटभर वर आली. मग वीतभर.

पाडव्याला चार दिवस उरले असताना आसराबाईने काडी ओढली. निळी ज्योत फुरफुरली. तिने आधी चहा ठेवला, मग चुलीकडे पाहून म्हणाली, "आता बस गप."

"कडबा कुठं रचू मंग?" भुजंगने तोंड पाडलं.

"तुझ्या डोक्यावर," शेजारची गोजरबाई म्हणाली, आणि बाईंकडे वळली. "आमच्या अंगणाचं माप कधी घेता?"

आकांक्षाने तिथेच तक्त्यावरची गाय खोडून मेंढी काढली.

त्या संध्याकाळी बाईंनी तारीख, ज्योतीची वेळ आणि गोजरबाईच्या अंगणाचं माप लिहिलं. शेवटी लिहिलं: राखाडी साडी साबणाच्या पाण्यात भिजत घातली.