आजारपणाची मूठ

वडूजकडच्या आमच्या गावात दर सोमवारी दळायला बसण्याआधी घरोघरची बाई मूठभर जोंधळा बाजूला काढायची. तो देवळाशेजारच्या एका म्हातारीच्या कणगीत जायचा. कुणी आजारी पडलं की म्हातारी त्यातलं धान्य विकून वैद्याचं भागवायची, नाहीतर कराडच्या दवाखान्यापर्यंत गाडी जुंपायला लावायची. मात्र तिची मर्जी सांभाळावी लागे. एक सून तिला उलट बोलली होती, तर त्या घरच्या तापाला कणगी लवकर उघडलीच नाही.

पुढे गावात सोसायटी निघाली. मूठही तिच्याकडेच द्यावी, म्हणजे सगळ्यांना सारखा न्याय, असं पंचांनी ठरवलं. आम्हा बायकांनाही ते पटलं. प्रत्येक घरातून एक सभासद लिहून घेतला. मूठ बायका काढत, तरी नावं कर्त्या पुरुषांची पडली. त्यातले निम्मे लढाईवर होते, हे कुणाच्या मनातच आलं नाही.

त्या सुगीत माझी धाकटी जाऊ बाळंत झाली आणि तिला भयंकर ताप चढला. सुईण म्हणाली, "आता माझ्या हातात काय न्हाई. दवाखाना गाठा." माझे मालक आणि दीर, दोघंही पलटणीत. सासूबाई मला घेऊन सोसायटीच्या चेअरमनकडे गेल्या. ते भावकीतलेच, त्यांचे चुलत दीर.

"वैनी, सभासद तुमचा थोरला. त्याची सही लागंल."

"मग बर्माच्या रानात जाऊन आणू व्हय?"

"नियम हाय. न्हाईतर उद्या कुणीबी येऊन मागंल."

"आवं, कुणीबी मागावं म्हणूनच तर मूठ हुती!"

ओट्यावरचा एक म्हातारा म्हणाला, "त्यापरीस कणगी बरी हुती."

"तुझ्या सुनंला इचार बरी हुती का," चेअरमन म्हणाले, आणि सगळे हसले.

मी दाराआड उभी होते. घरी जाऊ तापानं बरळत होती. पदर पुढं ओढून मी म्हणाले, "मामंजी, त्यांची मनिऑर्डर माझ्या सहीवर मिळती. ती सही हितं चालंल का?"

मग चेअरमननी दौत पुढे सरकवली. त्या दिवशीच गाडी निघाली.

जाऊ बरी होऊन आली. पलटणीतल्या माणसांच्या घरी त्यांच्याऐवजी बाईचं नाव सभासदांत घालायचं ठरलं. आमच्या घरातून जावेनं हट्टानं आपलंच घातलं. मला त्यात वाईट वाटलं नाही. नियम आल्यानं मर्जी गेली, हे चांगलंच झालं. पण नियम करताना कुणीतरी आजारी माणसाच्या उशाशी बसलेलं असावं, असं मला वाटतं.

लढाई संपली. पुरुष परतले आणि घरोघर पुन्हा त्यांची नावं लागली. जाऊ मात्र ऐकेना.

दीर म्हणाले, "अगं, आता मी आलोय की!"

"आलासा, लय बरं झालं," ती म्हणाली. "पर पुन्यांदा गेलासा, तर?"