पेडवा गावी गेला

मेस्त्रींना कुठलीही वस्तू नुसती बघून पटत नसे. बोटाच्या पेराने दोनदा ठोकायचं, कान तिरका करायचा, आणि मग बोलायचं. कलिंगड, दरवाजा, पाण्याची टाकी, कंपनीची नवी बस, कोणीही त्यातून सुटलं नाही. मी बहारीनला एका बांधकाम कंपनीच्या स्टोअरवर हिशेबनीस म्हणून रुजू झालो, त्या आठवड्यात अरादच्या आमच्या क्वार्टरमध्ये त्यांनी माझ्याही छातीवर दोनदा टकटक केलं आणि निकाल दिला, “वाजतास. नवीन आसास. बसाक दोन वर्सां लागतली.”

मेस्त्री मालवणजवळच्या एका किनाऱ्यावरच्या गावचे. काम लादी बसवण्याचं. त्यांचा नियम असा: “लादी हातात आसताना वाजाक व्हयी, बसल्यार गप रवाक व्हयी.” हातातली लादी बद्द वाजली तर आत चीर आहे. बसवलेली लादी बोलली तर खाली पोकळी आहे. हे दोन आवाज त्यांना जसे कळत तसे दुसऱ्या कुणाला कळताना मी पाहिले नाहीत. फुटलेल्या मालाची नोंद माझ्याकडे असे. इतर कारागिरांच्या हातून शंभरातल्या सहा-सात लाद्या वाया जात, मेस्त्रींच्या हातून दोन. माझ्या नऊ वर्षांत तो आकडा तीनवर गेला नाही.

दुसरी सवय गाव विचारण्याची. नवीन माणूस आला की ते विचारत, आणि नवीन माल आला तरी विचारत. पेटी उघडली की मला हाक, “भाऊ, हेचो गाव खंयचो?” मी कागद बघून इटली सांगितलं की चिडत. “देश कित्याक सांगतास? गाव सांगा. माका कोणी इचारल्यान तर मी काय इंडिया म्हणान सांगतंय?” मग मला इनव्हॉइसच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं नाव शोधावं लागे. ते नाव दोनदा उच्चारून घेतल्याशिवाय मेस्त्री कामाला हात लावत नसत.

ऐंशी साल उलटताच माहूजला एका मोठ्या व्यापाऱ्याच्या घराचं काम आमच्याकडे आलं. त्यांना सगळे अरबाब, म्हणजे मालक, म्हणत. बैठकीच्या दिवाणखान्यासाठी त्यांनी थेट ब्राझीलहून पिवळसर दगडाच्या लाद्या मागवल्या होत्या. मी कागद वाचला: सांताना दो कारिरी. मेस्त्रींनी ते तोंडात घोळवलं आणि स्वतःच्या सोयीचं करून टाकलं, “संतानाची वाडी. बरा नाव आसा.”

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला साइटवर बोलावून घेतलं. मांडीवर एक लादी होती, चाळीस बाय चाळीस सेंटिमीटरची. तिच्या एका कोपऱ्यात चार बोटांएवढा मासा होता. काटा न् काटा मोजता येत होता. शेपटी जराशी वळलेली, जणू आत्ताच जाळ्यातून काढलाय. मेस्त्री मासेमारांच्या वस्तीत वाढलेले. तारलीसारख्या त्या लहान माशाला त्यांनी लगेच ओळखलं. म्हणाले, “पेडवो.”

मी लायब्ररीत जाऊन विश्वकोश पाहून आलो. त्या भागातला दगड सुमारे अकरा कोटी वर्षांपूर्वीचा, हे त्यांना सांगितलं. मेस्त्रींनी माशावरची धूळ बोटाने पुसली. “अकरा कोटी वर्सां हेनी गाव सोडूक नाय,” ते म्हणाले, “आणि आता खंयच्या तरी एजंटान उचलून गल्फात आणून टाकल्यान.”

ती लादी त्यांनी बसवली नाही. मलबारी फोरमन ओरडला, मग समजुतीने बोलला, शेवटी कायमचं घरी पाठवायची धमकी दिली. मेस्त्री म्हणाले, “मी हेका पायाखाली घालूचंय नाय.” लाद्या मोजून मागवलेल्या, चिरलेल्या काढल्यावर जास्तीची एकही उरली नव्हती. एवढ्या मोठ्या दिवाणखान्यात एक चौकोन उघडा राहिला आणि अरबाब बघायला आले.

अरबाबांचे वडील मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईला असायचे, त्यामुळे त्यांची हिंदी मेस्त्रींपेक्षा सरस. चौकोनापाशी उभे राहून ते म्हणाले, “क्या मिस्त्री, मेरे घर का दाँत किसने तोड़ा?”

मेस्त्रींनी लादी पुढे धरली. “अरबाब, इसको पैर के नीचे नहीं डालेगा.”

“मरी हुई मछली है. खलास.”

“मरेला है, लेकिन गाववाला है. इसका गाव है. उधर जाने को मंगता.”

फोरमनने कपाळाला हात लावला. अरबाबांनी लादी निरखून पाहिली आणि विचारलं, “और तू अपने गाँव कब जाएगा?”

मेस्त्रींचे गुडघे तेव्हाच गेले होते. त्यांचा करार त्या डिसेंबरात संपायचा होता, आणि गावाहून काकींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, पत्रं ‘आता पुरे’ याच एका वाक्याने संपत होती. हे सगळं मला माहीत होतं. तरी मेस्त्री बोलून बसले, “पहले ये जाएगा. उसके बाद मैं.”

“इंशाल्ला,” अरबाब म्हणाले आणि निघून गेले. नकार द्यायचा असला की इकडे असंच म्हणतात, अशी आमची तेव्हाची समजूत होती.

नोकरी वाचली. पण मेस्त्री शब्दाचे पक्के. डिसेंबरात त्यांनी खरोखरच करार एक वर्षाने वाढवून घेतला. लादी खोलीत देवांच्या फळीवर, डोळ्यांच्या उंचीवर ठेवली. पोरं छळायची. “मेस्त्रीनू, आज पेडव्याचा तिखला करूया?” “मेस्त्रीनू, काकीक काय कळवलास, माशासाठी रवलंय म्हणान?” त्यांनी तेच कळवलं होतं. काकींचं उत्तर मला वाचून दाखवलं: ‘माशाचो गाव दिसता, माझो दिसना नाय.’ वाचताना ते हसले, पण ते पत्र त्यांनी इतर पत्रांच्या गठ्ठ्यात ठेवलं नाही. लादीच्या मागे ठेवलं.

करार वाढवल्यावर सात महिने गेले. अरबाबांना मुलाच्या घरासाठी त्याच दगडाच्या सातशे लाद्या हव्या होत्या. पहिल्या मालात चिरलेल्या लाद्या फार निघाल्या होत्या, त्यामुळे या वेळी खाणीवर जाऊन निवडून आणायचं ठरलं. मोजायला आणि कागदपत्रांना मी. ठोकून बघायला कोण, हे अरबाबांनी स्वतः ऑफिसात येऊन सांगितलं. “मछलीवाले को भेजो. मैंने इंशाल्ला बोला था ना?”

तीन विमानं, एक रात्रभराची बस आणि शेवटी खाणीचा ट्रक. लादी भरली आठ किलो. ती पंच्यात गुंडाळून मेस्त्रींनी सगळा प्रवास मांडीवर धरली. ब्राझीलच्या कस्टमवाल्याने पंचा सोडून पाहिलं, आपल्याच देशातला दगड परत आलेला पाहून त्याने शेजारच्या दोघांना बोलावलं, आणि तिघांनी हसत हसत आम्हाला सोडलं.

गाव लहान. एक चर्च, एक चौक, चुन्याने रंगवलेली बुटकी घरं, आणि मागे लांबलचक हिरवं पठार. खाली सगळं वाळलेलं, पण पठाराच्या पायथ्याशी झरे. एका झऱ्यावर पांढऱ्या अंगाचा, लाल टोपीचा पक्षी पाणी पिताना दिसला. मी आयुष्यात असा पक्षी पाहिला नव्हता. मेस्त्री मात्र रस्त्याकडेच बघत होते. लाल माती, आणि तिच्यात बोंडांनी लगडलेली काजूची झाडं. त्यांनी ट्रक थांबवायला लावला, खाली उतरून एक बोंड खाल्लं, रस हनुवटीवरून ओघळला. “भाऊ,” ते म्हणाले, “ह्यो तर माझोच गाव.” काजू मुळात इकडूनच आपल्याकडे आला, हे मी त्यांना सांगितलं. “मगे बरोबर,” ते म्हणाले. “तेनी काजू धाडल्यानी. आमी पेडवो घेवन इलो.”

खाणीवर मात्र सगळं उलटं झालं. मेस्त्रींनी लादी पुढे केली तशी मालकाचा चेहरा पडला. त्याला वाटलं, आम्ही खराब मालाची तक्रार घेऊन आलोय. त्याने लगेच एक निष्कलंक लादी काढून बदली म्हणून दिली आणि आमची कचऱ्याच्या ढिगाकडे न्यायला हात पुढे केला. मेस्त्रींनी ती छातीशी धरली. मग कामगारांना वाटलं, ह्यांना मासेच हवेत. घटकाभरात आठ-दहा जण मासे, किडे, पानं उमटलेले दगड घेऊन विकायला उभे. मेस्त्री लालबुंद. “तेंका सांगा भाऊ! मी घेवक नाय इलंय, देवक इलंय!”

माझ्या खिशात शब्दकोश होता, पण हे वाक्य काही केल्या जुळेना. जुळलं तरी पटेना. असं कोणी करतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

चार दिवस मेस्त्री लाद्या ठोकत बसले. नऊशेच्या वर ठोकल्या, त्यातून सातशे काढल्या. पहिल्या दिवशी खाणीतले लोक हसले. तिसऱ्या दिवशी ते स्वतः आधी ठोकून, कान लावून, मगच लादी पुढे करत होते. पण पेडवा अजून पंच्यातच होता आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आमची बस होती. मेस्त्रींनी जेवण टाकलं. “मी तुमच्या काकीक काय सांगू?” एवढंच म्हणाले.

शेवटी ट्रकच्या ड्रायव्हरच्या डोक्यात काहीतरी आलं. त्याने आम्हाला गावच्या शाळेत नेलं. तिथल्या म्हाताऱ्या मास्तरीणबाईंनी एका खोलीत फळ्यांवर दगड मांडले होते, प्रत्येकाखाली हाताने लिहिलेली चिठ्ठी. त्यांचं इंग्रजी आमच्या अरबीइतकंच. त्यांनी मासा पाहिला आणि थकलेल्या आवाजात विचारलं, “हाउ मच?”

मेस्त्रींना एवढं इंग्रजी येत होतं. त्यांनी मान हलवली. लादी बाईंच्या हातात ठेवली, बोटाने खालची जमीन दाखवली आणि हात जोडले.

बाई खुर्चीत बसल्या. एकेक शब्द शोधत माझ्याकडे बघून म्हणाल्या, “ऑल गो. मेनी, मेनी. दिस... फर्स्ट कम बॅक.”

मी मेस्त्रींना सांगितलं, “इथून माल जातच असतो. परत आलेला हा पहिला.”

मेस्त्री ताठ उभे राहिले. गुडघे दुखतात हे विसरलेच. पिशवीतून थापी आणि ओळंबा काढला. ही हत्यारं त्यांनी बहारीनहून आणलीत हे मलाही ठाऊक नव्हतं. खोलीच्या भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर त्यांनी खूण केली आणि सवयीने शाळेच्या शिपायाला मालवणीत फर्मावलं, “घमेलां हाड. आणि बादली.”

शिपाई गेला आणि घमेलं आणि बादली घेऊनच आला. घमेलं लाकडी होतं, पण घमेलंच. त्याच्या भाषेतही हे शब्द तसेच आहेत, गामेला आणि बाल्दे. पोर्तुगीजांनी त्याच्याकडे नेले तसेच आपल्याकडेही सोडले. चार दिवस मी शब्दकोश चाळत होतो आणि मेस्त्रींचं एका वाक्यात काम झालं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच आजवर गंमत करत होतो. “तुमी उगाच त्रास घेतास. हेंका आपला कळता सगळा.”

बाईंनी शाळेची घंटा वाजवली. पोरं जमली, मग खाणीतली माणसं, मग खुद्द खाणीचा मालक. मेस्त्रींनी भिंत खणली, माल कालवला, लादी बसवली, ओळंबा धरला. दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी सगळे पुन्हा आले. मेस्त्रींनी बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं आणि कान तिरका केला. पोरांनीही माना तिरक्या केल्या.

“बसलो पेडवो,” मेस्त्री म्हणाले.

ते कोणालाही भाषांतर करून सांगावं लागलं नाही. खाणीचा मालक सगळ्यांत आधी टाळ्या वाजवू लागला. मग पोरांची रांग लागली. प्रत्येकाला स्वतः ठोकून ऐकायचं होतं. मी मोजली, त्रेचाळीस पोरं. आमची बस त्यांनी वीस मिनिटं अडवून धरली.

खाणीच्या मालकाने बदली दिलेली लादी आम्ही बरोबर आणली होती. माहूजच्या दिवाणखान्यातल्या उघड्या चौकोनात मेस्त्रींनी ती बसवली आणि माझ्या नोंदीत पावणेदोन वर्षं खुपणारी एका लादीची तूट भरून निघाली. अरबाब स्वतः उकिडवे बसले, अंगठीच्या बोटाने दोनदा ठोकलं आणि विचारलं, “मछली पहुँची?”

“पहुँची, अरबाब.”

“तो अब तू भी यल्ला, निकल!”

दोन आठवड्यांत मेस्त्री गेले. विमानतळावर सोडायला आम्ही अकरा जण होतो. आत जाता जाता ते मागे फिरले, माझ्या छातीवर टकटक केलं, ऐकलं आणि हसले.

पुढे दोन वर्षांनी त्या मास्तरीणबाईंकडून माझ्या पत्त्यावर एक फोटो आला. भिंत, मासा, खाली पोरांची डोकी. सुट्टीत मी तो घेऊन मेस्त्रींच्या गावी गेलो. काकींनी सोलकढी आणली आणि फोटो आधी स्वतः पाहिला. “हीच काय ती माझी सवत?” मेस्त्रींनी चष्मा लावला. पोरांकडे नाही, बाईंकडे नाही, लादीच्या कडांकडे बघत राहिले.

“भाऊ, सांधो दिसता?”

मी फोटो उजेडात धरून नीट पाहिला. “नाही दिसत.”

त्यांनी फोटो माझ्या हातातून घेतला, बोटाच्या पेराने दोनदा ठोकला आणि कान तिरका केला.

“गप आसा,” मेस्त्री म्हणाले.